मागील बाकी : वास्तववादी बॅटमॅनपटांतील खलनायकाची निवड

१

ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५) हा चित्रपट एका गच्चीवर संपतो. गॉर्डन हा सरळमार्गी पोलीस अधिकारी आणि मुखवट्यातला बॅटमॅन समोरासमोर उभे आहेत. शहर नुकतेच एका मोठ्या संकटातून वाचले आहे. अशा वेळी गॉर्डन एक काळजी बोलून दाखवतो. पोलिसांनी भारी बंदुका घेतल्या की गुंड त्याहून भारी घेतात. पोलिसांनी चिलखत घातले की गुंड चिलखत भेदणाऱ्या गोळ्या आणतात. आणि आता तर एक माणूस मुखवटा घालून छपरांवरून उड्या मारतो आहे. मग समोरून काय येईल? एवढे बोलून तो एका गुन्ह्याच्या जागी सापडलेला पत्ता पुढे करतो. पत्त्यावर जोकर आहे.

बहुतेकांनी हे दृश्य पुढच्या भागाची जाहिरात म्हणून पाहिले. मला त्यात एक अख्खा सिद्धांत दिसतो. खलनायक बाहेरून आणून बसवायचा नसतो, तो आधीच्या भागात नायकाने जे केले त्यातून आलेला असतो, असे ते दृश्य सांगते. हा सिद्धांत नोलन यांनी दुसऱ्या भागात पाळला आणि तिसऱ्या भागात सोडून दिला, असे माझे म्हणणे आहे. तो सोडल्याने केवळ पटकथा सैल झाली असती तर त्यावर दिवाळी अंकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. नुकसान त्याहून मोठे झाले.

सुरुवातीलाच सांगायला हवे की मी चित्रपटशास्त्र शिकलेलो नाही. माझे आयुष्य सहकारी संस्थांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेले. चित्रपट पाहणे, त्यांवर मिळेल ते वाचणे आणि टिपणे काढणे हा उद्योग रात्रीचा आणि रविवारचा. त्यामुळे माझी काही उदाहरणे आणि काही शब्द वहीखात्यातले आले तर वाचकांनी समजून घ्यावे.

२

बॅटमॅनशी फारसा परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी १९३९ साली अमेरिकेतल्या एका चित्रकथांच्या मासिकात हे पात्र आणले. गॉथम नावाच्या कल्पित शहरातला ब्रूस वेन हा गर्भश्रीमंत मुलगा. त्याच्या डोळ्यांदेखत एका चोराने त्याच्या आईवडिलांना मारले. मोठेपणी तो रात्री वटवाघळाचा वेश करून गुन्हेगारांशी लढतो. त्याच्याजवळ दैवी शक्ती नाही. पैसा, कसरत, बुद्धी आणि जिद्द आहे. वास्तववादी चित्रपटाला हा महानायक सोयीचा वाटतो तो यामुळे.

मात्र त्याचे शत्रू वास्तववादाला तितकेसे सोयीचे नाहीत. ऐंशीहून अधिक वर्षांत त्यांची मोठी जत्रा जमली आहे. एक मातीसारखा आकार बदलतो, एक बर्फाच्या तापमानातच जगू शकतो, एक बाई झाडावेलींना आज्ञा देते. २००८ साली ‘द डार्क नाइट’ प्रचंड गाजला आणि पुढे बराच काळ चाहत्यांत एकच चर्चा चालू राहिली : तिसऱ्या भागात कोण? ही चर्चा सगळीकडे एकाच पद्धतीने होई. यादी समोर ठेवायची आणि विज्ञानाच्या चाळणीतून एकेक नाव चाळायचे. बर्फवाला गेला, मातीवाला गेला, वेलीवाली गेली. उरले पेंग्विन, रिडलर, कॅटवुमन आणि बेन. यांतला जो खऱ्या जगात असू शकेल तो विश्वसनीय.

ही चाळणीच चुकीची आहे. तसे म्हणायला पुरावा नोलन यांच्याच दोन चित्रपटांत आहे.

‘द डार्क नाइट’मध्ये हार्वी डेंट हा तडफदार सरकारी वकील आहे. जोकरच्या कारस्थानात त्याचा अर्धा चेहरा जळतो आणि ज्या स्त्रीशी त्याला लग्न करायचे असते ती स्फोटात मरते. त्यानंतरचा डेंट, म्हणजे ‘टू-फेस’, वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने साफ अशक्य आहे. गालाचे स्नायू आणि दात उघडे, डोळ्यावर पापणी नाही. कातडीरोपण नको, वेदनाशामक औषधही नको. आणि हा माणूस सूट घालून शहरभर फिरतो, दारूच्या गुत्त्यात बसतो, मोटारीत शिरून माणसे मारतो. संपूर्ण चित्रपटात याच्याइतके अवैज्ञानिक काही नाही. तरी प्रेक्षागृहात कोणी हसत नाही. कारण त्याचा राग आपल्याला ठाऊक असतो. आपल्याच कचेरीतले पोलीस विकले गेले आहेत हे त्याने गॉर्डनला आधी सांगितले होते, गॉर्डनने ते मनावर घेतले नाही, आणि त्याच पोलिसांनी दोघांना शत्रूच्या हवाली केले.

आता ‘द डार्क नाइट राइझेस’मधला (२०१२) बेन पाहा. १९९३ साली चित्रकथेत आलेला मूळ बेन एका कल्पित कॅरिबियन बेटावरच्या तुरुंगात वाढतो. बापाची शिक्षा तिथे मुलाला भोगावी लागते. एका रसायनाने त्याचे बळ अनेक पटींनी वाढते. नोलन यांनी हे रसायन काढून टाकले. त्याच्या तोंडावरच्या मुखवट्यालाही कारण दिले : जुन्या जखमेच्या वेदना असह्य आहेत, म्हणून त्यातून सतत वेदनाशामक वायू मिळतो. चाळणीतून बेन अगदी स्वच्छ बाहेर पडला. आणि तरीही चित्रपट संपताना त्याच्यावरचा विश्वास उडालेला असतो.

‘शक्य पण पटत नाही’ अशा गोष्टीपेक्षा ‘अशक्य पण पटण्याजोगी’ गोष्ट कवीने निवडावी, असे अॅरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. टू-फेस हा अशक्य पण पटणारा आणि बेन हा शक्य पण न पटणारा. मग पटण्याचे कारण शरीरात आणि यंत्रात नसेल, तर ते कशात आहे?

३

जोकरकडे पाहिले तर उत्तर सापडू लागते. हीथ लेजर या नटाने ही भूमिका केली. चित्रपट पडद्यावर येण्याच्या सहा महिने आधी, जानेवारी २००८मध्ये तो वारला आणि ऑस्कर पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाला. त्याच्या अभिनयावर भरपूर लिहिले गेले आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. मला त्याच्या प्रवेशाची जागा महत्त्वाची वाटते.

जोकरला गाव नाही, नाव नाही, बोटांचे ठसे कुठल्या दप्तरात नाहीत, कपड्यांवर शिंप्याची खूण नाही. तोंडावरच्या व्रणांची हकीकत तो दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी सांगतो. म्हणजे चरित्र म्हणाल तर शून्य. पण त्याला काम कसे मिळते ते बघा. बॅटमॅनमुळे गुन्हेगारी टोळ्यांचा धंदा बसला आहे. त्यांचा पैसा सांभाळणारा हिशेबनीस हाँगकाँगला पळाला आहे. बॅटमॅन कोणत्याही कायद्याला न विचारता त्याला तिथून उचलून आणतो. टोळ्या हतबल होतात आणि ज्याला एरवी दारात उभे केले नसते त्या वेड्याला सुपारी देतात. जोकर कोठून आला हे चित्रपट सांगत नाही. त्याला दार कोणी उघडले हे मात्र बारकाईने सांगतो.

यावरून फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (१९३१) या जर्मन चित्रपटाची आठवण होते. शहरात लहान मुलांचे खून पडत असतात. पोलिसांच्या धाडी वाढतात, गुन्हेगारांचा धंदा बुडू लागतो, म्हणून गुन्हेगारच खुन्याला शोधायला बाहेर पडतात. तिथे गुन्हेगारी जग पोलिसांचे काम करते. इथे तेच जग बॅटमॅनला रोखण्यासाठी खुन्याला कामाला लावते. दोन्हीकडे शहर एखाद्या तराजूसारखे चालते, एका पारड्यात वजन पडले की दुसरे हलते. शहराची ही यंत्रणा खरी वाटली की तिच्यातून निघालेला माणूस रंग फासून आला तरी खरा वाटतो.

दुसरी गोष्ट, त्याची साधने. सुरुंगाची दारू, पेट्रोल, मोबाइल फोन, मालट्रक, शाळेची बस. आपल्याला स्वस्त गोष्टी आवडतात असे तो सांगतोही. वास्तववादाचा खरा उपयोग इथे होतो. कोट्यवधींची यंत्रे असलेल्या नायकाला बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी हैराण करणारा माणूस समोर येतो, आणि त्याला पकडण्यासाठी नायक शहरातल्या प्रत्येकाचा फोन ऐकू लागतो. खलनायक नायकाला काय करायला लावतो, यावर त्याची किंमत ठरते.

धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायकाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत लोभ अग्रभागी आहे, मग औद्धत्य, हट्ट, पाप, व्यसन. जोकर यांतल्या पहिल्याच लक्षणाला आग लावतो. टोळ्यांनी दिलेल्या नोटांचा डोंगर तो सर्वांसमक्ष जाळतो. ज्या टोळ्यांनी त्याला पैशाच्या भाषेत करारबद्ध केले, त्यांना कळते की या माणसाशी करार होऊच शकत नाही. जुन्या लक्षणांत न बसणारा हा प्रतिनायक आपल्याला पटतो, कारण लोभी माणसांच्या भीतीनेच त्याला आत घेतलेले असते.

४

‘द डार्क नाइट’ संपतो तो एका खोट्यावर. सूडाने पेटलेला डेंट खून करत सुटतो आणि अखेर मरतो. आदर्श वकिलाचे हे रूप लोकांना कळले तर शहर खचेल, म्हणून बॅटमॅन ते खून आपल्या अंगावर घेतो आणि गॉर्डन त्याला साथ देतो. वहीत एक खोटी नोंद झाली. माझ्या धंद्यात अशा नोंदीचा एक नियम आहे : ती मिटत नाही, पुढच्या पानावर ‘मागील बाकी’ म्हणून ओढली जाते.

तिसऱ्या भागाची सुरुवात आठ वर्षांनी होते आणि ती उत्तम आहे. डेंटच्या नावाने एक कडक कायदा झाला आहे. त्याच्या जोरावर टोळ्यांतली माणसे तुरुंगात डांबली आहेत, त्यांना पॅरोलवरही सुटता येत नाही. शहर शांत आहे, दरवर्षी डेंटचा दिवस साजरा होतो आणि त्या समारंभात गॉर्डनच्या खिशात खरे सांगणारे भाषण आहे, जे तो वाचत नाही. आता या बाकीतून खलनायक निघायला किती जागा होत्या! खोट्या पायावरच्या कायद्याने आत गेलेल्या कैद्याचा भाऊ असेल, ज्याचे खून झाकले गेले अशा एखाद्याचे घर असेल, सत्य कळलेला एखादा तरुण पोलीस असेल. शेवटच्या शक्यतेला तर चित्रपट हातही लावतो : ब्लेक नावाचा पोलीस गॉर्डनला जाब विचारतो. पण ब्लेक नायकाच्या बाजूचा आहे, त्यामुळे जाब तिथेच विरतो.

बेन गॉर्डनचे ते कागद तुरुंगापुढे उभा राहून वाचून दाखवतो, कैद्यांना मोकळे करतो, शहर लोकांच्या हवाली केल्याचे जाहीर करतो. चित्रपटातले हे सर्वांत धारदार दृश्य आहे. सत्य खलनायकाच्या तोंडी आहे आणि नायकाकडे त्याला उत्तर नाही. काही मिनिटे वाटते की आता बाकी चुकती होणार. मग कळते की बेनला डेंटशी, कायद्याशी, गरिबांशी काहीच देणेघेणे नाही. पहिल्या भागातल्या रास अल घूल या संघटनाप्रमुखाची मुलगी तालिया बापाचा सूड घेण्यासाठी आली आहे, बेन तिचा रक्षक आहे आणि काही महिन्यांनी अणुस्फोटाने सगळे शहरच उडवायचे आहे. म्हणजे खोटी नोंद एकीकडे राहिली आणि वसुलीला आला तो तिसऱ्याच गावचा सावकार.

हे ‘तिसरे गाव’ कोणते, तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या भागातली संघटना हिमालयात आहे आणि ब्रूस वेन तिला भेटतो तो भूतानच्या तुरुंगातून सुटल्यावर. तिच्या प्रमुखाचे नाव अरबी आहे. तिसऱ्या भागात बेनचा भूतकाळ ज्या विहिरीसारख्या तुरुंगाशी जोडलेला आहे, तो जगाच्या कुठल्याशा प्राचीन कोपऱ्यात आहे. त्यातून ब्रूस वर चढून बाहेर येतो त्या दृश्याचे चित्रण जोधपूरला झाले. मागे मेहरानगडचा किल्ला स्पष्ट दिसतो. आपला किल्ला पडद्यावर दिसल्याचा आनंद मलाही झाला होता. घरी येताना मात्र प्रश्न पडला : गॉथमचे पाप गॉथममध्ये झाले, मग त्याचे मूळ आपल्याकडच्या विहिरीत कशाला?

याच चित्रपटाचे चित्रण न्यूयॉर्कमध्ये चालू होते तेव्हा, २०११च्या शरद ऋतूत, वॉल स्ट्रीटजवळ विषमतेविरुद्ध तंबू ठोकून माणसे बसली होती. पटकथा त्याआधीची आहे, तेव्हा थेट संबंध जोडणे अन्यायाचे होईल. नोलनबंधूंनी डिकन्सच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील कादंबरीचा आधार घेतला हे उघड आहे. शेवटी गॉर्डन तीच कादंबरी हातात घेऊन वाचतो. पण डिकन्सने क्रांतीचे क्रौर्य दाखवताना उमरावाच्या गाडीखाली चिरडलेले मूल आधी दाखवले होते. नोलन यांच्या गॉथममध्ये श्रीमंतांची घरे लुटली जातात, जत्रेतल्यासारखी न्यायालये भरतात, पण गाडीखालचे ते मूल कुठे नाही. गाऱ्हाणे आहे ते फक्त खोटारड्या बेनच्या भाषणात. त्यामुळे चित्रपट संपताना अर्थ असा उरतो की विषमतेबद्दल बोलणारा माणूस बहुधा बाहेरून आलेला आणि बाँब लपवलेला असतो.

अतिशयोक्त चित्रकथेत हे खपून गेले असते. वास्तववादी म्हणवणारा चित्रपट मात्र प्रेक्षकाला सांगत असतो की तुमचे शहर असेच चालते. मग अशा शहरात शत्रू म्हणून बोट कोणाकडे दाखवले, याचा जाबही त्याला द्यावा लागतो.

५

हे मला इतके का लागते, त्याला एक जुने कारण आहे. ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

विशीत असताना मी एका लेखापरीक्षकांच्या हाताखाली काम करीत असे. एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेच्या वह्या आमच्याकडे होत्या. संचालकांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे त्या वह्यांत मला स्वच्छ दिसत होती. तीच कर्जे नवी करून जुनी फेडल्याचे दाखवलेले होते. मी पेन्सिलीने खुणा केल्या. अहवालात त्यांचे दोन मवाळ ओळींचे शेरे झाले. पुढे काही वर्षांनी संस्था बुडाली.

तेव्हा लोक कोणाच्या दारावर गेले? पिग्मी एजंटाच्या. रोज संध्याकाळी भाजीवाल्यांकडून, रिक्षावाल्यांकडून दहा-दहा रुपये गोळा करणारा, सायकलवरून फिरणारा माणूस. पावत्यांवर सही त्याची होती आणि ओळखीचा चेहराही त्याचाच. त्याच्या घरावर दगड पडले, त्याने गाव सोडले. अध्यक्षांना सगळे ‘अण्णा’ म्हणत. पुढच्या गणेशोत्सवात आरतीचा मान त्यांनाच होता. गावानेही खलनायक निवडला होता, आणि तो अगदी विश्वसनीय होता. मला खरे ठाऊक होते आणि मी काही बोललो नाही.

मराठी प्रेक्षकाला निळू फुले यांचा खलपुरुष इतका का पटला, हे मला त्यानंतर कळले. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’मधला (१९७४) हिंदूराव हा साखर कारखानदार कुठल्या विहिरीतून आलेला नव्हता. तो गावानेच मोठा केलेला, गावाला पाणी आणि नोकऱ्या देणारा माणूस होता. म्हणून त्याला एका मास्तराने विचारलेला साधा प्रश्न सगळ्या गावाला अडचणीचा होतो.

६

मॅट रीव्हज यांचा ‘द बॅटमॅन’ (२०२२) पाहताना मी खुर्चीत सावरून बसलो, कारण त्यातला रिडलर हिशेब तपासनीस आहे. एडवर्ड नॅश्टन हा अनाथालयातला मुलगा. ब्रूसच्या वडिलांनी शहराच्या उद्धारासाठी एक मोठा निधी जाहीर केला होता. वडील मेले, निधीवर देखरेख उरली नाही आणि तो राजकारणी, पोलीस आणि टोळीप्रमुख यांनी मिळून खाल्ला. अनाथालयातली मुले थंडीत कुडकुडत राहिली. मोठेपणी वह्या तपासताना नॅश्टनला हे सापडते आणि तो एकेकाला मारत जातो. प्रत्येक खुनाबरोबर बॅटमॅनच्या नावाने एक कोडे असते, जणू तपासणीचा शेरा. शेवटी त्याचा एक अनुयायी पकडला जातो आणि स्वतःची ओळख बॅटमॅनच्याच शब्दांत देतो : आपण सूड आहोत. नायक तिथे गप्प होतो. २००५ सालच्या त्या गच्चीवरच्या शंकेला इतके नेमके उत्तर तोवर मिळाले नव्हते.

तरी रीव्हज यांचाही हात शेवटी कचरला. रिडलर समुद्राची भिंत फोडून शहर बुडवतो आणि त्या पाण्यात गरीब वस्त्या आधी जातात. ज्याचे गाऱ्हाणे खरे आहे त्याच्याकडून एक सामूहिक हत्याकांड करवून घ्यायचे, म्हणजे त्याचे गाऱ्हाणे ऐकायला नको. अमेरिकी महानायकपटांची ही सवयच झाली आहे. ‘ब्लॅक पँथर’मधल्या (२०१८) किलमाँगरचेही तेच झाले.

आता ‘द बॅटमॅन’च्या दुसऱ्या भागासाठी ऑक्टोबर २०२७ ही तारीख जाहीर झाली आहे आणि चाहत्यांच्या याद्या-चाळण्या पुन्हा बाहेर निघाल्या आहेत. चित्रकथांत २०११पासून ‘घुबडांची सभा’ नावाची एक गुप्त मंडळी आहे : गॉथमची जुनी श्रीमंत घराणी मुखवटे घालून शहर चालवतात. अनेकांना ती हवी आहे. मला तिची धास्ती वाटते. सगळे गुप्त कटाने होते असे म्हटले की उघड्यावर, सभेत ठराव करून, सह्या-शिक्क्यांनिशी जे होते ते सुटते.

माझी निवड पेंग्विन. ‘द पेंग्विन’ (२०२४) या मालिकेत कॉलिन फॅरेल यांनी साकारलेला ऑझ कॉब पुरानंतरच्या शहरात वर चढतो. त्याला आईचा लळा आहे. लहानपणी वस्तीत एक गुंड होता, सगळ्यांना नावाने ओळखायचा, अडीअडचणीला धावायचा; तसे व्हायचे हे ऑझचे स्वप्न आहे. म्हणजे त्याला ‘अण्णा’ व्हायचे आहे. त्यासाठी ज्या पोरक्या मुलाने त्याला घरचा माणूस मानले त्याचाच गळा तो दाबतो, आणि नगरपालिकेतल्या माणसाशी व्यवहार पक्का करतो. पुरात बुडालेल्या वस्त्यांच्या पुनर्बांधणीचे कंत्राट उद्या असाच माणूस घेईल. त्याच्याविरुद्ध गच्चीवरून उडी मारून भागणार नाही, कारण लोक त्याच्या सत्काराला जमलेले असतील आणि वेन घराण्याची देणगीही कदाचित त्याच समारंभात जाहीर होत असेल. बॅटमॅनने त्या सभेत कोणता प्रश्न विचारावा, हे पटकथाकाराने ठरवले की पुढचा भाग आपोआप लिहिला जाईल.

तो पिग्मी एजंट नंतर परत आला नाही. माझ्या पेन्सिलीच्या खुणा असलेल्या वह्या बहुधा रद्दीत गेल्या असतील. पुढचा भाग आला की मी पहिल्या आठवड्यातच जाईन. पडद्यावर दगड कोणाच्या दारावर पडतात, तेवढे मला बघायचे आहे.